परिमित वस्त्रे

आमच्या दिवंगत पत्नीची पेटी परवा उघडली. प्रसंगासाठी म्हणून जपलेली रेशमी लुगडी, एकदाही न नेसता, घड्यांवरच चिरलेली आढळली. मन विषण्ण झाले.

वस्त्रांची संख्या हौसेने न ठरविता वाळण्याच्या वेळेने ठरवावी. कोराडीच्या वैशाखात सुती धोतर वा लुगडे बघता बघता वाळते. सबब एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत, असे तीन जोड पुरतात. पावसाळ्यास चौथा, थंडीस एक लोकरी वस्त्र आणि नवरात्रात जगदंबेच्या दर्शनास एक रेशमी. मात्र ते दरवर्षी नेसावेच. रंग परस्परांस साजेसे असले, म्हणजे थोडक्यातही वैचित्र्य साधते.

गांधीजींनी १९२१ साली मदुरेस आखूड पंचा पत्करला, तो पुढे सेवाग्रामीही सोडला नाही. गृहस्थाने तितके करावे असे नाही. पतंजलींनी यमांत गणिलेला अपरिग्रह कपाटापुरता पाळला, तरी पुष्कळ झाले.