दाखल-नोंदीत न बसणारे गाणे

एम.ए.च्या वर्गात पूरक वाचन म्हणून वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ (१९६१) मी अनेक वर्षे सुचवीत आले आहे. किराणा घराणे स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, आणि जयपूर या दोहोंचा तोल साधणारे, ही त्यातील मांडणी विद्यार्थी उत्तरपत्रिकेत नीट लिहितात. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, हा तोल कानाला कसा कळतो?” मला तो ऐकवता आला नाही. तो ऐकवण्याचे साधन एकेकाळी आमच्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत आले होते आणि परत गेले. त्या परत जाण्यात माझाही वाटा आहे. म्हणून हे टिपण.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘सर’ म्हणत असू, रोज पहाटे एक तबकडी ऐकत. एकच बाजू, पण दोनदा. पहिल्यांदा गाणे ऐकायचे, दुसऱ्यांदा गाण्यातला विचार, असे ते म्हणत. त्यांच्या पेठेतल्या घरी मी प्रथम गेले तेव्हा अब्दुल करीमखाँ लागले होते. मला बसण्याची खूण झाली, चहा मात्र सुई उचलल्यावर आला. संध्याकाळचा नेम वेगळा. अमीरखाँ यांच्या एका एलपीवर एका बाजूला मारवा आहे व दुसऱ्या बाजूला दरबारी. सर मारवा दिवेलागणीला लावत आणि तबकडी तशीच ठेवून देत. उलटी करायची ती रात्री जेवणे आटोपल्यावर. मधले तीन-चार तास हा त्या ध्वनिमुद्रिकेचाच भाग आहे, असे त्यांचे मत होते. पूर्वी मला याची गंमत वाटे. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर बंधने आली. ‘सवाई गंधर्व’च्या रात्रभर चालणाऱ्या बैठका आठवणीत जमा झाल्या. आता दरबारीला तिची वेळ मिळते ती बहुधा अशा घरांतूनच. रोजचे ऐकणे ही केवळ खासगी हौस नाही, हे मला तेव्हा प्रथम उमगले.

रविवारी सरांबरोबर कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात जाणे होई. कधी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने मुंबईही. मटण स्ट्रीटवरच्या दुकानांतून ढीग उपसायचे, तबकडी उजेडात तिरकी धरून चरे पाहायचे, कडेवरून बोट फिरवून तडा तपासायचा, आणि हवी असलेली तबकडी नको असल्यासारखी बाजूला ठेवून भाव करायचा. मग काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये एक फेरी. ते दुकान २०१६ साली बंद झाले. परतीच्या प्रवासात लाखेच्या तबकड्या सरांच्या मांडीवर असत. वर फळीवर ठेवण्याची सोय नाही, एका धक्क्यात दोन तुकडे व्हायचे. घरी आल्यावर एका लांबट वहीत नोंद होई: कंपनीचा क्रमांक, गायकाचे नाव, राग, कोठे मिळाली, काय दिले.

या छंदाविषयी नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की तीन-सव्वातीन मिनिटांत राग कसला ऐकायचा? आक्षेप खोटा नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान गायली तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे आपल्या गवयांना तासाभराचे गाणे त्या चौकटीत बसवावे लागले. परंतु साहित्याच्या माणसाला तरी चौकटीचे वावडे नसावे. आलापाला उसंत नसताना कोण काय ठेवतो आणि काय गाळतो, यातच घराण्याची दृष्टी उघडी पडते. शिवाय काही वेळा तबकडीखेरीज दुसरा पुरावाच नसतो. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ साली वारले. त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले नाही. त्यांच्याविषयी आपल्याजवळ आहे ते मराठीतले गद्य, आणि केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या मुद्रिका. नुसते गद्य वाचले तर अल्लादियाखाँ दंतकथा होतात. नुसत्या मुद्रिका ऐकल्या तर त्यांमागचा वाद कळत नाही. दोन्ही एकत्र ठेवणारी जागा हवी. ती जागा ग्रंथालय नव्हे तर कोणती?

आता सगळे इंटरनेटवर आहे, मग तबकड्यांचे ओझे कशाला, असेही म्हटले जाते. तेथे आहे ते मोलाचे आहे, आणि बरेचसे अशाच संग्राहकांनी पदरमोड करून चढवलेले आहे, याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र रागाचे नाव चुकलेले, साल अंदाजाने टाकलेले, कंपनी व क्रमांक गायब, असे तेथे सर्रास आढळते. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. वेग चुकला की पट्टी चढते, आवाजाची जात बदलते. आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पाठचिकित्सेचे महत्त्व त्यावरून पटवतो. ध्वनिमुद्रिकेलाही पाठ असतो व अपपाठही असतो. तपासायला मूळ प्रत नसेल तर चिकित्सा कशाची करणार?

सर गेले. मुलांचा फ्लॅट लहान होता. त्यांनी संपूर्ण संग्रह महाविद्यालयाला विनामूल्य देऊ केला. ग्रंथालय समितीसमोर विषय आला तेव्हा दोन अडचणी निघाल्या: दाखल-नोंदवहीत तबकड्यांसाठी रकाना नाही, आणि फोनो बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? नियमांना धरूनच होते सारे. मी त्या समितीची सदस्य होते. पहाटे सरांच्या घरी बसून मी जे शिकले ते त्या टेबलावर मांडायला मला पाच मिनिटे पुरली असती. बैठक लांबली होती, पुढे माझा तास होता. मी गप्प राहिले. महिन्याभराने चौकशी केली तेव्हा संग्रह रद्दीवाल्याकडे गेल्याचे कळले.

केसरबाईंची भैरवीची एक मुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. परग्रहावरच्या श्रोत्याची सोय झाली. मराठीच्या विद्यार्थ्याची व्हायची आहे. माझे म्हणणे फार मोठे नाही. प्रत्येक महाविद्यालयाने संग्रहालय काढावे, असे मी म्हणत नाही. परंतु नोंदवहीत एक रकाना आखता येतो. गावातल्या संग्राहकांची यादी करता येते, ते हयात असताना. संगीतविषयक गद्य शिकवताना चार तासिका ऐकण्याला देता येतात. एकच बाजू, दोनदा. यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही.

सरांची ती लांबट वही तेवढी मुलाने माझ्या हाती दिली होती. मी ती ग्रंथालयात जमा केली. तिला विनासायास दाखल-क्रमांक मिळाला, कारण ती कागदाची होती. त्या विद्यार्थिनीला मी तीच काढून दिली. तिने शेवटपर्यंत पाने उलटली आणि विचारले, “यातल्या तबकड्या कोठे आहेत?”