रोग हाल्याला, इंजेक्शन पखालीला



वळवाचा पाऊस येऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या जिल्ह्यात घरोघरी दोन ठिकाणचे नुकसान मोजले जाते. एक शिवारातले : झाड मोडले का, कडब्याची गंज पेटली का, दावणीचे जनावर शाबूत आहे का. दुसरे घरातले : टीव्ही चालतो का, फ्रिज चालतो का, स्टॅबिलायझरचा दिवा लागतो का. पहिल्या नुकसानीला पंचनामा नावाचा कागद तरी आहे. दुसऱ्याची दखल कोणी घेत नाही. कापूस विकून घेतलेली वस्तू एका कडकडाटात जाते आणि आपण ‘निसर्गाची करणी’ म्हणून गप्प बसतो. आमचे म्हणणे असे की, ही करणी निम्मीच निसर्गाची आहे.

गेल्या वळवात आमच्याकडे डीपीजवळ वीज पडली. सकाळी स्टॅबिलायझरचा दिवा लागला, म्हणून आम्ही फ्रिज जोडला. संध्याकाळपर्यंत सगळे ठीक. मध्यरात्रीनंतर जळका वास आला. कॉम्प्रेसर गेला होता. दुकानदाराने त्याहून मोठा स्टॅबिलायझर गळ्यात मारला. पुढच्या वादळात तोही गेला. तेव्हा एका जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून पेटी उघडून घेतली आणि काय झाले ते समजून घेतले.

पेटीत तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर, एक कार्ड आणि दोन-चार रिले असतात. व्होल्टेज १७० वर उतरले की रिले ‘कट’ करून जागा बदलतो आणि व्होल्टेज २३० च्या आसपास चढवून देतो. या कामाला सेकंदाचा एखादा बारीक हिस्सा लागतो. विजेचा झटका मात्र सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात येऊन जातो. दरोडा पडून गेल्यावर कडी लावावी तसा हा प्रकार. स्टॅबिलायझर वीज अडवण्यासाठी बनलेलाच नाही.

उलट त्या झटक्याने रिलेचे टोक चिकटते. मग तो कायम चढवतच राहतो. संध्याकाळी १७० असते तेव्हा हे लक्षात येत नाही. रात्री मोटारी बंद होऊन लाइनमध्ये २४५ आले, की पेटीतून तीनशेच्या वर बाहेर पडते. आमचा फ्रिज असा गेला. म्हणजे बंद पडलेल्या स्टॅबिलायझरपेक्षा, चालतो असे दिसणारा बिघडलेला स्टॅबिलायझर अधिक घातक. वादळानंतर त्याला काही जोडण्याआधी आउटपुट मीटरने तपासून घ्या, संध्याकाळी एकदा आणि रात्री उशिरा एकदा. पुढचा काटा इनपुट दाखवतो की आउटपुट, हेही पाहा. सारखी कटकट ऐकू आली, वास आला, तर पेटी बाजूला ठेवा.

आता खरा रोग कुठे आहे तो पाहू. लाइनवर आलेल्या झटक्याला जमिनीत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे डीपीवरचा लाइटनिंग अरेस्टर आणि त्याची अर्थिंग. आपल्याकडे विजा पडतात एप्रिल-मेमध्ये आणि मृगाच्या तोंडावर. नेमकी त्याच वेळी काळी जमीन भेगाळलेली असते आणि बालाघाटाच्या माळावर तर हातभर मातीखाली मुरूम आणि खडक. कोरडी जमीन विजेला वाट देत नाही. त्यात डीपीची अर्थिंगची पट्टी तुटलेली किंवा चोरीला गेलेली. मग झटका वाट शोधत आपल्या घरात येतो. न्यूट्रल तुटला तर त्याहून वाईट : एका आळीचे दिवे मंद आणि दुसऱ्या आळीचे दिवे फुटेपर्यंत प्रखर. असे दिसताच मेन स्विच बंद करा.

रोग डीपीचा आणि औषध घरातल्या पेटीला! १९५६ च्या भारतीय वीज नियमांत घरगुती पुरवठ्याचे व्होल्टेज ६ टक्क्यांहून जास्त खाली-वर होऊ नये असे लिहिले होते. २३० च्या हिशेबाने २१६ ते २४४. ही मर्यादा पाळली गेली असती तर खेड्यात स्टॅबिलायझरचे दुकान चालले असते का? ही पेटी म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याने भरलेले दुसरे वीजबिल आहे.

आपलेही चुकते, ते झाकून ठेवणार नाही. आकडे टाकून आपणच डीपीवर बोजा वाढवतो आणि शेजाऱ्याचे व्होल्टेज पाडतो. न्यूट्रलऐवजी अर्थिंगची तार वापरण्याचा उद्योग तर जिवावर बेतणारा आहे. तो आजच बंद करा.

घरी करण्यासारखे थोडेच आहे, पण ते करा. आभाळ भरून आले की गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, ते मोबाइलवर घ्या. परवानाधारक वायरमनकडून घराची अर्थिंग तपासून घ्या आणि उन्हाळ्यात तिच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. मीटरपाशी सर्ज अरेस्टर बसवला तरी अर्थिंगशिवाय तो निरुपयोगी. डीपीवर मात्र कोणीही चढू नये.

बाकीचे काम एकट्याचे नाही. २००३ च्या वीज कायद्यातील कलम ५७ सेवेची मानके आणि ती न पाळल्यास भरपाई सांगते. कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. पण तोंडी तक्रारीला तिथे किंमत नाही. कागद हवा, त्यावर पोच हवी, आणि एकाच्या नव्हे तर डीपीवरच्या सगळ्या घरांच्या सह्या हव्यात.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने लांबून पाहून केलेली आपल्या डीपींची यादी आणावी : अरेस्टर आहे का, अर्थिंगची पट्टी शाबूत आहे का, गेल्या वळवात किती घरांत काय जळाले. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आत प्रत्येक डीपीची अर्थिंग तपासली जावी, ही आपली मागणी. वीज कुठे पडावी हे आपल्या हाती नाही. ती कोणत्या वाटेने जमिनीत जावी, हे माणसाच्या हाती आहे.