गाण्याची पाळी सगळ्यांची यावी

वर्गमित्रांनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो,

"घाबरू नकोस, धीट हो" असे सगळे सांगतात. पण धीट कसे व्हायचे ते कोणी सांगत नाही. मला वाटते, नुसते सांगून भीती जात नाही. पुन्हा पुन्हा गायला मिळाले तरच ती कमी होते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे.

गेल्या १५ ऑगस्टला ध्वजवंदन झाल्यावर मी एकटीने देशभक्तीपर गीत म्हटले. म्हणजे म्हणायला सुरुवात केली. घरी पंधरा दिवस भांडी घासताना तेच म्हणत होते, एकदाही चुकले नाही. पण समोर सगळे गाव बसलेले बघून छाती धडधडू लागली, तोंडाला कोरड पडली. घाबरून मी सूर फारच वरचा धरला. ध्रुपद कसेबसे निभावले, पण कडव्यात आवाज चढेना. तो फाटला आणि पुढचे शब्दच गेले. मागच्या रांगेतली मुले हसली. खालून कोणीतरी ओरडले, "मोठ्यानं म्हण की गं!" मी रडतच खाली आले. त्यानंतर परिपाठात प्रार्थनासुद्धा मी नुसते ओठ हलवून म्हणायचे.

मग आजी मला दर एकादशीला देवळात भजनाला नेऊ लागली. भजनात एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे मागे म्हणतात. पुढचा विसरला तर मागचे लगेच उचलतात, टाळ थांबत नाही. चुकले म्हणून कोणी हसत नाही. दिवाळीपर्यंत मी टाळ वाजवत फक्त मागे म्हणत होते. एकदा आजीने कोपराने ढोसले आणि मी एक चरण एकटीने म्हटला. म्हणून झाल्यावर मग भीती वाटली!

तिथल्या पेटीवाल्या काकांनी मला माझी चूक सांगितली. गाण्यातली सगळ्यात उंच ओळ आधी हळूच म्हणून बघायची. ती सहज निघाली तरच तो सूर धरायचा, नाहीतर खाली यायचं. शिवाय भीतीने श्वास अर्धा होतो, मग ओळ पुरी होत नाही आणि गाणे पळत सुटते. म्हणून उठण्याआधी श्वास सावकाश सोडायचा आणि मग पोटापर्यंत भरून घ्यायचा. गोड गळा सगळ्यांना नसतो, पण एवढे कोणालाही जमते.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात ते उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न विचारता आला नाही. त्यांनी ३० रुपये फी परत केली. पुढे त्याच गांधीजींनी हजारो लोकांसमोर भाषणे केली. कोर्ट आणि गाणे वेगळे, पण पाय सारखेच लटपटतात.

२६ जानेवारीला मी पुन्हा उभी राहिले. गाणे तेच. पाय लटपटतच होते. लोकांच्या तोंडाकडे न बघता मी समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघितले. एका जागी शब्द आठवेना, तेव्हा ध्रुपद परत म्हटले, तेवढ्यात आठवला. ज्यांना कळले त्यांना कळले.

आता माझे म्हणणे असे. आपल्या शाळेत प्रत्येक कार्यक्रमात तीच चार मुले गातात. ती चांगलीच गातात, माझी तक्रार नाही. पण त्यांना दर वेळी गायला मिळते म्हणूनच ती धीट झाली आहेत. बाकीच्यांना एकदम १५ ऑगस्टला सगळ्या गावापुढे उभे करायचे आणि फजिती झाली की "हिला जमत नाही" म्हणायचे, हे बरोबर नाही. त्यापेक्षा शनिवारच्या बालसभेत हजेरीपटाप्रमाणे पाचपाच जणांनी एकेक कडवे म्हणावे. बाकीच्यांनी भजनासारखे मागे म्हणावे आणि अडला तर उचलून धरावे.

पालकांनाही एक विनंती आहे. खालून ओरडू नका. आणि मूल अडखळले की मोबाईल खाली ठेवा. ती फजिती संध्याकाळपर्यंत घरोघरी जाते आणि ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

बालसभेचे मी बाईंना विचारले आहे. त्या अजून हो म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी हजेरीपट मागवून घेतला. पहिल्या पाच नंबरवाल्यांनी आपापले कडवे पाठ करून ठेवावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी