माळावर गवतच हवे

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीचे आकडे जाहीर होऊ लागतात. 2017 ते 2019 या तीन वर्षांत तर राज्याने 50 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. हेतूबद्दल वाद नाही. वाद आहे तो जागेचा आणि जातीचा. पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवर गिरिपुष्प, सुबाभूळ लावून हवामानबदलाला तोंड देता येईल, हा समज साफ चुकीचा आहे.

पहिला युक्तिवाद असा की, माळ ओसाडच असतो, तिथे काहीही लावले तरी फायदाच. सरकारदरबारी माळाची गणना पडीक जमिनीत होते हे खरे. पण जिथे मारवेल, पवन्या ही गवते वाढतात, धनगरांची मेंढरे चरतात, लांडगा आणि खोकड पिल्ले वाढवतात, ती जमीन पडीक कशी?

दुसरा युक्तिवाद वेगाचा. परदेशी झाडे झपाट्याने वाढतात, म्हणून कार्बनही झपाट्याने शोषतात. मात्र झाडाचा बराचसा कार्बन खोडाफांद्यांत असतो; कुऱ्हाड किंवा वणवा लागला की तो गेला. गवताचा मोठा वाटा मातीत असतो. पाती जळाली तरी मुळे शाबूत राहतात. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी उत्तम. तिथे ते जरूर लावावे. माळावर मात्र ते पावसाळ्यात गवताचे ऊन अडवते आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर स्वतः निष्पर्ण होते.

श्रावणात मारवेलाचा एक ठोंब कुदळीने उकरून पाहा. बारीक मुळांच्या जाळ्यात माती गच्च धरलेली असते. झटकली तरी सुटत नाही. मुसळधार सरीचा मार पाती झेलतात, पाणी मुळांवाटे मुरते. वैशाखात वरून वाळलेला हाच ठोंब वळवाच्या पावसावर पुन्हा फुटतो. पावसाचे लांबलेले खंड आणि एकदम कोसळणाऱ्या सरी, दोन्ही सोसण्याची ताकद त्यात आहे.

म्हणून माळावरची सुबाभूळ काढावी, मुरमात खड्डे आणि चर खणणे थांबवावे. जवळच्याच माळावरचे पिकलेले बी गोळा करून मृगाआधी फेकावे. पावसाळ्यात चराईबंदी पाळावी, बी झडल्यावरच कापणी करावी आणि धनगरांना विश्वासात घेऊन फिरती चराई ठरवावी. झाडे हवीतच तर हिवर, बोर, बाभूळ लावावीत, तीही विरळ.

तुमच्या गावात लागवडीची बैठक होईल, तेव्हा रोपांची संख्या ठरण्याआधी एका जुन्या गुराख्याला बोलवा. या माळावर पूर्वी काय उगवत होते, ते त्याला विचारा आणि तेच परत आणा.