परक्याच्या ओंजळीने किती काळ?

जुलै 2025 मध्ये गुजरातमध्ये तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना चालविणाऱ्या ‘नायरा एनर्जी’ या कंपनीची ई-मेल आणि इतर कार्यालयीन सेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी थांबविली. कंपनीत रशियन भांडवल असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले होते, भारताने नव्हे. सेवेचे शुल्क चुकते केले असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. बलाढ्य कंपनीला न्यायालयाचे दार ठोठावता आले. एखाद्या शाळेवर वा नगरपालिकेवर असा प्रसंग ओढवला, तर तिने कोणाकडे पाहावे?

परावलंबन एका दिवसात येत नाही. सेवा आरंभी फुकट किंवा स्वस्त मिळते. वर्षानुवर्षांचे कागद तिच्यात साठतात, कर्मचाऱ्यांचा हात तिच्यावर बसतो आणि सोडून जाण्याचा खर्च राहण्याच्या खर्चाहून जड होतो. मग अटी बदलल्या तरी मान तुकवावी लागते. शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देणाऱ्या गूगलने 2021 मध्ये ती सवलत मागे घेण्याचे जाहीर केले आणि संस्थेस एकत्रित 100 टेराबाइटची मर्यादा घातली. व्यापाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. गैर आहे ती आपली बेसावधगिरी. मराठी माणसाला तर हा अनुभव नवा नाही. खासगी टंकांत टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड ही सर्वांना खुली पद्धती रूढ झाली, तेव्हा कोठे मराठी अक्षर त्या जाचातून सुटले.

संगणकासाठी लिनक्स, लेखनासाठी लिब्रेऑफिस, दस्तऐवज स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यासाठी नेक्स्टक्लाउड असे खुले पर्याय आज उपलब्ध आहेत. त्यांची मूळ संहिता कोणालाही तपासता व सुधारता येते. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 शासकीय संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचे ठरविले आणि 2025 मध्ये आपली ई-मेल व्यवस्थाही खुल्या प्रणालीवर नेली. केरळने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर उभारले. त्यासाठी शिक्षकांना पद्धतशीर प्रशिक्षण दिले.

तथापि मुक्त म्हणजे फुकट, या समजुतीने जो या वाटेला जाईल तो फसेल. म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक त्यावर आणले आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरविले. राजकीय पाठबळ आटले आणि कार्यालयांच्या तक्रारी साचल्या, तेव्हा प्रणालीची गुणवत्ता कामी आली नाही. परवान्याचा पैसा वाचतो हे खरे, परंतु तो तंत्रज्ञांच्या वेतनावर, प्रशिक्षणावर आणि नियमित प्रतिलिपी ठेवण्यावर खर्चावा लागतो. फरक इतकाच की, तो पैसा परदेशी तिजोरीत न जाता येथील तरुणांच्या हाती कौशल्य होऊन उरतो.

स्वदेशी आणि मुक्त यांतही गल्लत होऊ नये. केंद्र शासनाच्या लाखो कर्मचाऱ्यांची ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर गेली. परकीय निर्बंधांचे भय त्याने कमी होईल. परंतु संहिता बंदच असेल, तर मालक बदलला, भाडेकरूपण तेच राहिले.

प्रत्येक शाळेने आपला सर्व्हर मांडावा, असे म्हणणे अव्यवहार्य ठरेल. विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांसाठी, जिल्हा परिषदेने आपल्या शाळांसाठी सामायिक व्यवस्था उभारावी. सहकारातून साखर कारखाने आणि दूधसंघ उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. आरंभ मात्र आजच करता येईल: नवा दस्तऐवज खुल्या स्वरूपात जतन करावा आणि त्याची एक प्रत आपल्या ताब्यात ठेवावी. घर बदलायचे की नाही हे नंतर ठरविता येईल. दाराची किल्ली आधी आपल्या हाती हवी.