निर्जंतुक म्हणजे नीरोग नव्हे

जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागांत मुनव्यांऐवजी ऊतिसंवर्धित रोपे लावण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. एकसारखी वाढ आणि जवळजवळ एकाच वेळी निसवणारी बाग हे तिचे फायदे शेतकऱ्याने अनुभवाने पारखले आहेत. तथापि प्रयोगशाळेतून आलेले रोप म्हणजे नीरोग रोप, ही जी समजूत या प्रथेबरोबर रूढ झाली, ती तपासून पाहावयास हवी.

या समजुतीचे मूळ निर्जंतुकीकरणात आहे. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या पोषणमाध्यमाचा आजही सर्वत्र आधार घेतला जातो. त्यात क्षारांबरोबर साखर असते. कोंबाला पोसणारी साखर बुरशीलाही पोसते, आणि बुरशी कोंबाहून कितीतरी वेगाने वाढते. म्हणून माध्यम दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसला तापवून घेतात. जिवंत कोंबाला हा उपाय चालत नाही. मातीत वाढलेल्या कंदाची आवरणे सोलून आतला कोंब अल्कोहोल, सोडियम हायपोक्लोराइट वा मर्क्युरिक क्लोराइड यांच्या द्रावणात मोजका वेळ बुडवावा लागतो. वेळ कमी पडला तर जंतू उरतात. अधिक झाला तर कोंबच मरतो. हे काम कौशल्याचे आहे, यात शंका नाही.

परंतु ही द्रव्ये पृष्ठभाग धुतात. पेशींत शिरलेल्या विषाणूपर्यंत ती पोहोचत नाहीत. पर्णगुच्छ रोगाचा वा काकडीवरील मोझॅकचा विषाणू माध्यमावर वाढत नाही. त्यामुळे बाटली स्वच्छ दिसते आणि रोग आतच राहतो. एका कंदापासून शेकडो रोपे हे या तंत्राचे बळ. मातृवृक्ष रोगट असेल तर तेच बळ रोगाच्या कामी येते. पुढे मावा तो रोग शेजारच्या बागेतही नेतो.

यास्तव खरा भर मातृवृक्षाच्या विषाणूपरीक्षेवर हवा. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली, ती याच हेतूने. परीक्षेचा खर्च अखेर रोपाच्या किमतीत मिळवला जातो, ही तक्रार खोटी नाही. पण रोगट बाग उपटून टाकण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी येतो, हेही तितकेच खरे. रोपांच्या पावतीबरोबर परीक्षेचा दाखला मागण्याची सवय जोवर लागत नाही, तोवर बाटलीची स्वच्छता हीच नीरोगतेची हमी मानली जाईल. आणि त्या भ्रमाची किंमत बागाईतदारालाच मोजावी लागेल.