गंजक्या डब्यांची कैफियत

दिवाळी चार दिवसांवर आली की घराघरांतून एक यज्ञ सुरू होतो. गृहिणी पदर खोचते, मुलगा शिडी धरतो, घरधनी नाइलाजाने माळ्यावर चढतो, आणि वर्षानुवर्षे साठलेले ‘नको ते’ खाली उतरू लागते. दारात भंगारवाला तराजू घेऊन बसलेलाच असतो. या यज्ञाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्यात मंत्रासारख्या उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याविरुद्ध: “ठेवून काय करायचंय?”

हेच वाक्य मी गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत ऐकले. हॉलिवूडच्या जुन्या प्रेमपटांच्या मूळ प्रिंट्स जमवणाऱ्या लोकांविषयी मी काही वाचले होते आणि मधल्या सुट्टीत ते मोठ्या उत्साहाने सांगत होतो. गणिताचे मास्तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “अहो, सगळं मोबाईलवर असताना पत्र्याचे डबे उराशी धरून बसायचं? ठेवून काय करायचंय? आणि तेही परक्यांच्या प्रेमाचे डबे!” खोली हसली. मीही हसलो, नाही म्हणत नाही. पण घरी परतताना त्या हसण्याची लाज वाटू लागली. त्या लाजेपोटी ही कैफियत.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. चित्रपटगृहात चालणारी पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. म्हणजे दोन तासांचा बोलपट सुमारे दहा हजार आठशे फूट लांबीचा, डझनभर डब्यांत मावणारा आणि दोन माणसांनी उचलायचा! १९२३ साली कोडॅकने घरगुती वापरासाठी सोळा मिलिमीटरची फिल्म काढली. तिच्यावर तोच चित्रपट दोन-तीन मोठ्या रिळांत बसू लागला, आणि अमेरिकेत व युरोपात संग्राहकांची एक जातच निर्माण झाली. कुणी ग्रेटा गार्बोच्या मागे लागला, कुणी क्लार्क गेबलच्या. बायकोने कपाट मागितले तर त्याने प्रोजेक्टर आणला. अशा माणसाला जगाने वेडा म्हणावे यात नवल नाही. मात्र जगाने त्याला शहाणपण शिकवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप सभ्य आहे. ज्या कंपनीने चित्रपट काढला तिच्याकडे मूळ निगेटिव्ह असतेच, मग या उपटसुंभांची गरज काय? वाचकहो, हा विश्वास इतिहासाने पार धुळीला मिळवला आहे. १९२७ सालचा मुर्नाऊचा ‘सनराइज’ घ्या. शहरातल्या बाईच्या नादाने बायकोच्या जिवावर उठलेला खेडूत आणि पुन्हा जुळलेली त्या दोघांची प्रीती, अशी ती कथा. पहिल्याच ऑस्कर समारंभात तिचा गौरव झाला. तिचे मूळ निगेटिव्ह कंपनीकडेच होते. १९३७ च्या जुलैत न्यू जर्सीमधल्या लिटल फेरी गावी फॉक्स कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि ते जळाले. त्याबरोबर कंपनीचे बहुतेक सारे मूकपटही गेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, पाण्याखालीही विझत नाही. ‘सनराइज’ आज दिसतो तो एक प्रत दुसरीकडे उरली होती म्हणून.

बरे, आग म्हणजे दैव. पण हातांनी जे केले त्याला काय म्हणावे? बोलपट आला आणि मूकपटाची कमाई संपली. कमाई संपलेल्या वस्तूला गोदामाचे भाडे कोण भरणार? १९४८ साली युनिव्हर्सल कंपनीने आपल्याजवळ उरलेले मूकपट त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केले. पडद्यावरच्या चुंबनांची, विरहाच्या अश्रूंची किंमत ठरली ती फिल्मवरच्या चांदीच्या वजनावर. आपल्या दारातल्या भंगारवाल्याचाच तराजू, फक्त थोडा मोठा! अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली हिशेब प्रसिद्ध केला. १९१२ ते १९२९ या काळात तिथे सुमारे अकरा हजार मोठे मूकपट निघाले. त्यांतले मूळ स्वरूपात पूर्ण उरलेले अवघे चौदा टक्के. माझ्या वर्गात शंभरात चौदा मुले पास झाली तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. गार्बोचा १९२८ सालचा ‘द डिव्हाइन वुमन’ पाहा: एवढी मोठी नटी, एवढी मोठी कंपनी, आणि आज हाती आहे ते मॉस्कोत सापडलेले एकच रीळ, नऊएक मिनिटांचे.

उलट बाजूने ‘बियाँड द रॉक्स’ची गोष्ट ऐका. १९२२ सालचा हा प्रेमपट. ग्लोरिया स्वान्सन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यांनी एकत्र काम केलेला एकमेव. कित्येक दशके तो हरवलेला धरला गेला होता. व्हॅलेंटिनो १९२६ साली गेला, स्वान्सनबाई १९८३ साली गेल्या. चित्रपट काही सापडला नाही. पुढे हॉलंडमधल्या हार्लेम गावचा एक संग्राहक वारला आणि त्याचे गंजलेले डबे तिथल्या चित्रपट संग्रहालयाकडे आले. ते उघडता उघडता या चित्रपटाची रिळे एकेक करून हाती लागली. दुरुस्त होऊन २००५ साली तो पुन्हा पडद्यावर आला. म्हणजे जे हॉलिवूडला सांभाळता आले नाही, ते हॉलंडमधल्या एका एकांड्या माणसाच्या डब्यांत टिकले. त्याच्याही शेजाऱ्यांनी म्हटलेच असेल की, ठेवून काय करायचंय?

दुसरा आक्षेप कडक आहे. हे संग्राहक चोर आहेत! कंपन्या प्रिंट्स विकत नसत, भाड्याने देत. तेव्हा खासगी माणसाकडे असलेली प्रिंट चोरीचीच, असे त्यांचे गणित. १९७४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या संघीय पोलिसांनी नट रॉडी मॅकडॉवल याच्या घरावर छापा घातला आणि शंभरावर प्रिंट्स उचलून नेल्या. खटला मात्र उभा राहिला नाही. मी कायद्याचा पंडित नाही आणि चोरीचे समर्थन करणार नाही. वर्गात पेन्सिल चोरणाऱ्यालाही मी उभे करतो. पण एक विचारतो. धन्याने उकिरड्यावर फेकलेले मूल ज्याने उचलून वाढवले, त्याला मुले पळवणारा म्हणायचे काय? संग्राहकाला चोर म्हणण्याचा अधिकार ज्याने स्वतःचा ठेवा जपला त्याला आहे. चांदीसाठी तो नष्ट करणाऱ्याला नाही.

तिसरा आक्षेप आमच्या गणिताच्या मास्तरांचा: सगळे मोबाईलवर आहे. मोबाईलला मी नावे ठेवत नाही. हातपंपाच्या रांगेत उभा राहून मीही त्यावर ‘कासाब्लांका’ पाहिला आहे. पण मोबाईलमध्ये चित्र उगवत नाही. ते कुठल्या तरी फिल्मवरून उतरवावे लागते. जी फिल्म उरली नाही, ती मोबाईलवर येणार कुठून? रंगांचेही तेच. पन्नाशीनंतरच्या अनेक ईस्टमनकलर प्रिंट्स विटून गुलाबी पडल्या. टेक्निकलरच्या छपाई पद्धतीने काढलेल्या प्रिंट्सचे रंग मात्र अजून ताजे आहेत. नायिकेच्या झग्याचा मूळ रंग कोणता, हा प्रश्न पडला तर उत्तर देणारी साक्षीदार अशी एखादी जुनी प्रिंटच असते. साक्षीदाराला मारून टाकायचे आणि मग न्याय झाला म्हणायचे, हा कुठला हिशेब?

आणि शेवटचा टोमणा, परक्यांच्या प्रेमाचा. हे प्रेम परके खरेच. पण जपणूक परकी नाही, आणि नासाडी तर मुळीच नाही. आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले तुकड्यांसकट तीसच्या आसपास उरले. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, आज नाही. आपल्याकडेही चांदीसाठी फिल्म धुतली गेली, तिच्या बांगड्या झाल्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले तेव्हा पी. के. नायर नावाच्या गृहस्थाने गावोगाव फिरून डबे गोळा केले. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ची रिळे त्यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळवली. ते सरकारी नोकर होते, पण वेड मात्र हार्लेमच्या त्या माणसाचेच. परक्याच्या वेडाला हसणाऱ्याने आपल्या नायरांना कोणत्या तोंडाने नमस्कार करावा?

इतके बोलल्यावर संग्राहकांनाही चार शब्द सुनावल्याशिवाय ही कैफियत पुरी व्हायची नाही. त्यांच्यात एक जात धनावर बसलेल्या नागाची असते. प्रिंट आहे म्हणून मिरवायचे, पण दाखवायची कुणाला नाही. अभ्यासकाने विचारले तर कानांवर हात. बाबांनो, तुमच्या डब्यांतही काळ शिरला आहे. नायट्रेटनंतर आलेली ‘सुरक्षित’ म्हणवणारी ॲसिटेट फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजते. डबा उघडताच शिरक्याचा आंबट वास येतो, फिल्म आकसते, वळते, आणि मग कुठल्याच यंत्रातून जात नाही. तुमच्या कुलपाला तो वास भीत नाही. तेव्हा वास येण्याआधी यादी करा, जाणकाराला दाखवा, संग्रहालयाला प्रत काढू द्या. तुमच्यामागे डबे कुणाकडे जावेत, ते लिहून ठेवा. हार्लेमच्या माणसाचे डबे योग्य हातांत पडले म्हणून आपण त्याला धन्यवाद देतो. ज्यांचे पडले नाहीत, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. या दिवाळीत माळ्यावर एखादा गोल, चपटा, गंजलेला पत्र्याचा डबा हाती लागला, तर तो तराजूत टाकू नका. आत आजोबांच्या लग्नाची फिल्म असेल, एखाद्या जुन्या फिरत्या टॉकीजचे विसरलेले रीळ असेल, कुणी सांगावे! मात्र तो पाहायला पणती जवळ नेऊ नका. जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते. डबा सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले असले, तरी डबे पुण्यातच आहेत.

घरात कुणी विचारील, “ठेवून काय करायचंय?” त्याला सांगा, की आम्ही नुसते ठेवणार आहोत, काय करायचे ते पुढचे लोक ठरवतील. गणिताच्या मास्तरांनाही मी हेच सांगणार आहे, सुट्टी संपून शाळा उघडली की.